आधी हात आला, मग वेक्ना

डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळातला सगळ्यात खतरनाक मेलेला जादूगार कोण, असं चार खेळाडूंना विचारा. पाच उत्तरं मिळतील आणि भांडण वेगळं. कुणी अ‍ॅसेरॅरॅकचं नाव घेईल, कुणी झास टॅमचं. पण ज्यांनी वीस बाजूंचा फासा कधी डोळ्यांनी पाहिला नाही, त्यांच्याही कानावर गेलेलं नाव एकच आहे: वेक्ना. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या चौथ्या सीझनने 2022 साली त्याला घरोघरी पोचवलं. आणि गंमत अशी, की या बड्या आसामीला सुरुवातीला शरीरच नव्हतं.

1976 साली या खेळाची ‘एल्ड्रिच विझार्ड्री’ नावाची पुरवणी निघाली. लेखक गॅरी गायगॅक्स आणि ब्रायन ब्लूम. तिच्यात जादूच्या प्राचीन वस्तूंची एक यादी होती. त्या यादीत दोन नोंदी: वेक्नाचा हात आणि वेक्नाचा डोळा. कुणी वेक्ना नावाचा महाबलाढ्य जादूगार होऊन गेला, त्याचा नाश झाला, हे दोन अवयव तेवढे शिल्लक राहिले. त्याचं रूप, त्याचा मुलूख, सगळं खेळणाऱ्यांच्या कल्पनेवर सोडलेलं. पूर्ण वेक्ना मुख्य खलनायक म्हणून छापील साहसकथेत अवतरला तो थेट 1990 साली. म्हणजे हात आणि डोळा चौदा वर्षं धन्यावाचून हिंडत होते!

वापरायचा नियम: आधी स्वतःचा कापा

वेक्नाचा हात म्हणजे मनगटापासून तुटलेला, काळा पडलेला, सुकलेला डावा पंजा. तो नुसता झोळीत ठेवून भागत नाही. त्याची ताकद हवी असेल तर स्वतःचा डावा हात मनगटातून तोडायचा आणि तिथे हा लावायचा. डोळ्याचंही तेच. आपला उपटायचा, खोबणीत वेक्नाचा बसवायचा. मग अफाट शक्ती मिळतात. सोबत दुष्टपणाही मिळतो, तो फुकट.

नेमक्या कोणत्या शक्ती? 1979च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये या वस्तूंच्या वर्णनाखाली चक्क रिकाम्या रेघा छापल्या होत्या. खेळ चालवणाऱ्याने, म्हणजे डंजन मास्टरने, मागच्या तक्त्यांतून शक्ती निवडून त्या रेघा पेनने भरायच्या. हेतू सरळ होता: पुस्तक विकत घेऊन पाठ केलेल्या आगाऊ खेळाडूला काही कळू नये. त्यामुळे एका टेबलावरचा हात दुसऱ्या टेबलावरच्या हातासारखा नसे. वेक्नाची दहशत वाढली ती या कोऱ्या जागांमुळे, असं माझं मत. जे लिहिलेलंच नाही त्याची भीती जास्त.

आणि मग कुणीतरी डोकं लढवलं

हा किस्सा नव्वदच्या दशकापासून इंटरनेटवर फिरतोय आणि आजही प्रत्येक नव्या खेळाडूला कुणीतरी जुना गडी तो ऐकवतोच. एका डंजन मास्टरकडे खेळाडूंच्या दोन टोळ्या होत्या, एकमेकींच्या वैरी. एका टोळीने आवई उठवली की हात आणि डोळा तर काहीच नाही, खरी चीज आहे ‘वेक्नाचं डोकं’. असलं काही डोकं खेळात नव्हतंच. त्यांनी कुठलं तरी एक मुंडकं पैदा केलं, पेटीत ठेवलं, खरं वाटावं म्हणून भोवती सापळेही लावले आणि गंमत बघत बसले.

दुसऱ्या टोळीने जिवावर उदार होऊन ती पेटी मिळवली. आता हाताचा नियम ठाऊक, डोळ्याचा ठाऊक. त्यावरून डोक्याचा काय असणार हे शेंबडं पोरही सांगेल. मानाचं डोकं कुणाला मिळावं यावरून त्यांच्यात आधी बाचाबाची झाली. मग एकाने आपलं मुंडकं उडवून घेतलं आणि सोबत्यांनी घाईघाईने त्या धडावर नवं डोकं ठेवलं. काही झालं नाही. गडी मेला.

इथे थांबतील ते खेळाडू कसले! कृतीतच काही चुकलं असणार, असा निष्कर्ष निघाला आणि प्रयोग दुसऱ्यावर झाला.

नावांची उलटापालट

वेक्ना हे नाव आलं जॅक व्हान्स या अमेरिकन लेखकावरून. त्याच्या आडनावातली पाच रोमन अक्षरं पिसली की वेक्ना तयार. व्हान्सचं ‘द डाइंग अर्थ’ 1950 साली आलं. त्यातला जादूगार मंत्र मोठ्या कष्टाने डोक्यात साठवतो आणि एकदा म्हटला की विसरतो. पुन्हा हवा तर पुन्हा पाठ करा. डंजन्स अँड ड्रॅगन्सने ही पद्धत जशीच्या तशी उचलली. जादूगारांना सकाळी उठून पोथी उघडायला लावणारा माणूस तो हाच, तेव्हा त्याच्या नावाचा एक महाजादूगार असणं रास्तच.

असली अक्षरांची उलटापालट हा त्या मंडळींचा आवडता चाळा होता. ‘ड्रॉमिज’ हा जादूगार म्हणजे खेळाचा एक लेखक जिम वॉर्ड, उलटा वाचलेला. ‘टेन्सर’ म्हणजे अर्नेस्टची अक्षरं इकडची तिकडे; अर्नेस्ट हा गायगॅक्सचा मुलगा, आणि टेन्सर हे त्यानेच खेळवलेलं पात्र.

जीव कुठे ठेवलाय, ते बोला

वेक्ना हा ‘लिच’ आहे. म्हणजे असा जादूगार, ज्याने मरण टाळण्यासाठी आपला जीव काढून एका डबीत किंवा एखाद्या वस्तूत बंद केला आणि सांगाडा होऊन शतकानुशतकं चालत राहिला. शरीराचे तुकडे करा, डबी शाबूत असेल तोवर तो नव्या शरीरात परत येतो. ही जात खेळात आली 1975च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीतून. अलीकडच्या नियमांत तिला आणखी एक लचांड लावलंय: डबीला अधूनमधून दुसऱ्यांचे आत्मे खाऊ घालावे लागतात. आळस केला की लिचचा देह झिजत झिजत नुसती कवटी उरते.

राक्षसाचा जीव पोपटात, हे ऐकत वाढलेल्या आपल्याला यात नवल वाटू नये. रशियन लोककथांतल्या अमर कोश्चेईचा जीव सुईत, सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात, ससा पेटीत अशी उतरंड. आणि एक पुरावा तर आपल्याच अंगणातला. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या मुलीने, मेरी फ्रिअरने, 1868 साली लंडनहून ‘ओल्ड डेक्कन डेज’ हा कथासंग्रह छापला. वडिलांबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर असताना तिने या गोष्टी ऐकल्या त्या अ‍ॅना लिबराता डिसूझा नावाच्या आयाकडून. अ‍ॅनाचे आजोबा मूळचे लिंगायत; गोव्याकडे येऊन ख्रिस्ती झाले, पुढे इंग्रजांच्या फौजेत हवालदार झाले. गोष्टी आजीच्या.

त्या संग्रहातली पहिलीच गोष्ट ‘पंचकिन’ची. पंचकिन राक्षस नाही बरं का, जादूगार आहे! दूर देशी घनदाट रान, त्यात ताडांचं रिंगण, मधोमध एकावर एक सहा घागरी, त्यांच्या खाली पिंजरा आणि पिंजऱ्यात छोटासा हिरवा पोपट. पोपटाचा पंख तुटला की इकडे पंचकिनचा हात गळून पडतो, पाय तुटला की पाय. जेम्स फ्रेझरने ‘द गोल्डन बाऊ’मध्ये शरीराबाहेर ठेवलेल्या जिवाचा विषय काढला तेव्हा पंचकिनचाही दाखला दिला. अमेरिकेत कुणी लिचचे नियम लिहिण्याच्या शंभरेक वर्षं आधी एक आया हे सगळं तोंडपाठ सांगत होती. गायगॅक्सने ही गोष्ट वाचली होती असा माझा दावा अजिबात नाही. पण डबीपेक्षा पोपट चांगला, हे कुणीही कबूल करेल. डबीला उडता कुठे येतं?

घरचा भेदी

वेक्नाला संपवलं कुणी? त्याच्याच उजव्या हाताने. कास नावाचा त्याचा सेनापती. वेक्नाने त्याला एक तलवार घडवून दिली. तलवार बोलकी निघाली. तिने कासच्या कानाशी लागून पढवायला सुरुवात केली की खरा राजा तूच. कासने ऐकलं, धन्यावर वार केला. हात आणि डोळा गेले ते याच भांडणात. कासचीही यातून सुटका झाली नाही, तो रक्तपिपासू व्हॅम्पायर होऊन बसला. त्याची तलवार हात आणि डोळ्याबरोबर त्याच 1976च्या यादीत आहे. त्या एका यादीवर लेखकांच्या पिढ्यांनी पोट भरलंय.

पहिल्याच प्रवेशात मुख्य नट ठार

1990चं ते साहस म्हणजे डेव्हिड कुकचं ‘वेक्ना लिव्ह्ज!’. सुरुवात अफलातून. खेळाडूंना आधी या जगातले सगळ्यात नामवंत जादूगार खेळवायला देतात, आठांचं प्रसिद्ध मंडळ, ज्यांच्या नावाचे मंत्र सगळ्यांना पाठ. आपल्याला हे पात्र मिळालं म्हणून खेळाडू हरखून जातात आणि काही मिनिटांत सगळेच्या सगळे मरतात. मग खरी, कमी ताकदीची पात्रं हातात येतात: आता तुम्ही निस्तरा.

दहा वर्षांनी, 2000 साली, ‘डाय, वेक्ना, डाय!’ आलं. सिजिल नावाचं एक कड्यासारखं गोल शहर आहे, जिथे देवांना मज्जाव. तोवर वेक्ना देव बनण्याच्या वाटेवर होता, आणि तरीही तो तिथे घुसला. त्या धक्क्याने विश्वाची घडीच विस्कटली. त्याच वर्षी खेळाच्या नियमांची तिसरी आवृत्ती बाजारात आली. नियम का बदलले? वेक्नाने विश्व हलवलं म्हणून! प्रकाशकाला इतकं सोयीचं कारण पुन्हा मिळणं कठीण. आणि नव्या नियमपुस्तकात देवांच्या यादीत वेक्ना हजर: खातं, गुपितं. त्याच्या पंथातल्या लोकांना दात, बोटं, रक्त अशी अवयवांची नावं असतात.

खंजिराचं नाव वाचा

2022 साली त्याचे अधिकृत आकडे नव्याने जाहीर झाले. जीवबिंदू 272, आव्हानाची पातळी 26. तुलनेसाठी, पहिल्या पातळीच्या नवशिक्या जादूगाराचे जीवबिंदू आठ-दहाच्या पुढे क्वचित जातात. वेक्नाकडे एक खंजीरही आहे, नाव ‘आफ्टरथॉट’, म्हणजे मागाहून सुचलेली गोष्ट. आधी दोन अवयव छापून मग चौदा वर्षांनी माणूस सुचलेल्या पात्राच्या हातात हे नाव कुणी मुद्दाम दिलं असेल, तर त्याला माझा दंडवत.

हॉकिन्समधला वेक्ना

‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधला वेक्ना हा खेळातला वेक्ना नव्हे. हॉकिन्स गावातली मुलं समोर आलेल्या संकटाला खेळातलं नाव देतात, इतकंच. आधी डेमोगॉर्गन झाला, मग माइंड फ्लेयर, मग हा. चौथा सीझन घडतो 1986 साली, म्हणजे छापील खलनायक वेक्ना चार वर्षं लांब असताना. पण त्या काळातल्या पोरांना हात, डोळा आणि कास माहीत असणारच, आणि मालिकेत कासचा उल्लेख येतोही. पहिल्या भागात मुलांच्या हेलफायर क्लबचा डाव रंगतो, त्यात एरिका वीसचा फासा टाकून वेक्नाला लोळवते. पडद्यावरच्या वेक्नाचा डावा पंजा जरा निरखून बघा. तो उजव्यापेक्षा अक्राळविक्राळ आहे.

अभिनेता जेमी कॅम्बेल बाउअरला या रूपात यायला रंगभूषेच्या खुर्चीत सातेक तास बसावं लागे. रंगभूषा बॅरी गॉवरची, ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या नाइट किंगला घडवणाऱ्याची. मेलेल्यांचा हा खास माणूस! वेक्नाच्या तावडीतून मालिकेतल्या मॅक्सला सोडवणारं केट बुशचं ‘रनिंग अप दॅट हिल’ हे 1985चं गाणं जून 2022मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिलं आलं, 37 वर्षांनी. पहिल्या वेळी ते तिसऱ्या क्रमांकावर अडकलं होतं.

त्याआधी प्रेक्षकांसमोर हा खेळ खेळणाऱ्या ‘क्रिटिकल रोल’ या मंडळींनी आपल्या पहिल्या मोहिमेचा शेवट 2017 साली वेक्नाशी लढून केला होता, हजारो प्रेक्षकांच्या साक्षीने. तिथे वेक्नाचा आवाज काढणारा डंजन मास्टर मॅथ्यू मर्सर. 2024 साली ‘डेड बाय डेलाइट’ या व्हिडिओ गेममध्ये वेक्ना आला, तेव्हाही आवाज त्याचाच.

पन्नाशीचा पाहुणा

2024 हे खेळाचं पन्नासावं वर्ष. त्यानिमित्त ‘वेक्ना: ईव्ह ऑफ रुइन’ हे जाडजूड साहस निघालं. त्यात वेक्ना सगळी विश्वं मोडून आपल्या मनासारखी पुन्हा मांडायला निघालाय. हे साहस खेळायचा विचार असेल तर पुढचं वाचू नका. खेळाडूंना एका विश्वातून दुसऱ्या विश्वात पळवून एका दंडाचे सात तुकडे गोळा करायला लावणारा जो मॉर्डेनकायनेन नावाचा थोर जादूगार असतो, तो खरा मॉर्डेनकायनेन नसतोच. वेषांतर करून आलेला कास असतो. दहाव्या पातळीपासून विसाव्यापर्यंत चढलेली, देवांनाही न घाबरणारी टोळी महिनोन्महिने त्याचीच हमाली करत असते, आणि कळतं तेव्हा दंड त्याच्या हातात गेलेला असतो.