साठी, बुद्धी आणि मोबाइल

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे, की म्हातारपणचे विसरणे हा आजार असू शकतो, हे आपल्या ध्यानातच येत नाही. आजी नातवाला मुलाच्या नावाने हाक मारू लागली, जेवून हात धुतल्यावर 'मला कोणी जेवायला दिले नाही' म्हणू लागली, की घरात कोणी हसते, कोणी चिडते आणि 'वय झाले आता' असे म्हणून विषय मिटतो. आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने एका विस्मरणग्रस्त स्त्रीच्या मेंदूत आढळलेली विकृती १९०६ साली जगापुढे मांडली. त्याला शतक उलटून गेले. आपली म्हण मात्र ठणठणीत आहे.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकुरवाडी हे नाव एक आणि वाड्या अनेक. बोरघाट चढताना रेल्वेलाही पळसदरी, जामरुंगनंतर एक ठाकुरवाडी लागते. डोंगराच्या कुशीत वीस-पंचवीस घरे, भोवती भाताची खाचरे, वर वरकस जमीन. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेली, तेव्हा असल्या वाड्यांत माणसे राहतात याची मुंबई-पुण्याला पुन्हा एकदा आठवण झाली. विस्मरण हा काही केवळ म्हाताऱ्यांचा आजार नव्हे!

शनिवार-रविवारी फार्महाऊसवर येणारी मंडळी वाडीकडे पाहून सांगतात, 'यांना कसला आलाय विसराळूपणा? नाचणीची भाकरी, रानभाजी, दिवसभर चढउतार!' यात तथ्य नाही असे नाही. फिनलंडमध्ये साठ ते सत्त्याहत्तर वयाच्या १२६० जणांवर दोन वर्षे एक प्रयोग झाला. नीट आहार, व्यायाम, बुद्धीला चालना आणि रक्तदाब वगैरेंवर लक्ष, अशी चौपदरी दिनचर्या ज्यांना दिली, त्यांची बौद्धिक क्षमता इतरांपेक्षा चांगली राहिली. २०१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपल्याकडे हरियाणातल्या बल्लभगड परिसरातील खेड्यांत नव्वदच्या दशकात पाहणी झाली, तेव्हा तेथील अल्झायमरचे प्रमाण जगातल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक निघाले. खेड्याच्या बाजूने एवढा भक्कम पुरावा मिळाल्यावर आणखी काय हवे?

पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने वेगळे चित्र दाखवले. भारतात साठीपुढच्या शंभरांतील सुमारे साडेसात जणांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. त्यातही शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक. म्हणजे खेड्यातली म्हातारी बाई ही सर्वांत जास्त धोक्यात.

असे का व्हावे? 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. ती सगळी दूर झाली, तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबणीवर पडतील, असा त्याचा हिशेब आहे. ही यादी हातात घेऊन वाडीत फिरून पाहावे. लठ्ठपणा आणि बैठेपणा येथे फारसे भेटणार नाहीत. पण शाळेचे तोंड न पाहणे हे यादीतले एक कारण आहे. ऐकू न येणे आहे, मोतीबिंदूसारख्या दोषांनी अधू राहिलेली आणि उपचार न झालेली नजर आहे. कधीच न मोजलेला रक्तदाब आहे. तंबाखूचा धूर आणि दारू आहे. डोक्याला लागलेला मार आहे. दूषित हवा आहे, आणि हवा काही केवळ शहरातच बिघडते असे नाही; चुलीपुढे पन्नास वर्षे फुंकणी फुंकणारीला ते वेगळे सांगायला नको. शिवाय एकटेपण. तरणी माणसे कामाला बाहेर गेली, की मागे म्हातारीशी बोलणार कोण? नाचणी एका पारड्यात आणि हे सारे दुसऱ्या पारड्यात, असा हा ताळेबंद आहे.

माझी नोकरी बँकेतली. कारकुनापासून अधिकारीपदापर्यंत काउंटरच्या दोन्ही अंगांनी मी माणसे पाहिली. विस्मरणाची पहिली खूण पुष्कळदा पैशांच्या व्यवहारात दिसते, असे डॉक्टर आता सांगतात. बँकेतल्या माणसाला ते पटायला वेळ लागत नाही. सकाळी पैसे काढून गेलेला पेन्शनर दुपारी पुन्हा तीच स्लिप भरून उभा राहतो. नोटा पुन:पुन्हा मोजतो आणि दर वेळी वेगळा आकडा सांगतो. सही तीच असते, सही करणारा हळूहळू बदलत असतो. पण ज्या बाईने जन्मभर अंगठाच उठवला, तिचा बदल कशावरून ओळखायचा? अंगठा काही विसरत नाही.

विस्मरण तपासण्याच्या पद्धतीतली अडचण नेमकी येथे आहे. आज तारीख कोणती, हे वाक्य वाचा, एक वाक्य लिहा, अशा प्रश्नांत निरक्षर माणूस ठणठणीत असूनही नापास होतो. बल्लभगडच्या संशोधकांनी म्हणून चाचणीच बदलली. 'डोळे मिटा' हे वाचून करण्याऐवजी 'मी करतो तसे करा' असे सांगितले. ठाकुरवाडीची परीक्षा ठाकुरवाडीच्याच भाषेत घ्यायला हवी. पावसाच्या तोंडावर शेवळे येतात. त्यांच्या भाजीत काकडाचे फळ घातले नाही, तर घसा खाजतो. हे जिने आयुष्यभर केले, ती एके वर्षी काकड घालायचे विसरली आणि विसरल्याचे तिला उमगलेही नाही, तर ते लक्षण तारखेपेक्षा बोलके आहे.

आता मोबाइल. चीनमध्ये साठीपुढचे सुमारे दीड कोटी लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असल्याचा २०२०चा अंदाज आहे. चीन आणि इंग्लंडमध्ये पंचावन्न ते पंचाहत्तर वयाच्या लोकांना मोबाइलवरून आहार, व्यायाम, रक्तदाब यांचे मार्गदर्शन करून पाहिले गेले. २०२४ साली निष्कर्ष आले: धोक्याचा गुणांक थोडासा उतरला. आजार टळला असे नव्हे, धोका किंचित उतरला. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्या मोबाइलमागे सल्ला देणारे एक माणूसही होते. त्याच चीनमध्ये करोनाच्या काळात मोबाइलवरचा हिरवा संकेत दाखवता न आल्याने म्हातारी माणसे बसच्या आणि दवाखान्याच्या दाराशी अडली. अखेर नोव्हेंबर २०२०मध्ये सरकारला अशा वृद्धांसाठी पर्यायी सोय ठेवण्याचे फर्मान काढावे लागले. ओटीपी विचारला, की आपल्या म्हाताऱ्यांचे चेहरे कसे होतात ते आठवावे, म्हणजे बीजिंग फार दूर वाटत नाही.

वाडीत मोबाइल आहे, पण तो नातवाच्या हातात. म्हणून आजीसाठी वेगळे ॲप काढण्यापेक्षा त्यामागचे माणूस नक्की करावे. ते माणूस तयारच आहे. आशाताई घरोघर जो तपासणीचा अर्ज भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न छापलेला आहे: जवळच्या माणसांची नावे किंवा स्वत:च्या घराचा पत्ता विसरता का? प्रश्न चांगला आहे. मात्र तो विसरणाऱ्यालाच विचारून भागत नाही. सुनेला, शेजारणीलाही विचारावा लागतो. आणि उत्तर 'हो' आले, तर पुढे काय, याला खरे महत्त्व आहे. ई-संजीवनीवर डॉक्टर पडद्यावर भेटू शकतो. दर महिन्याला रक्तदाब मोजून त्याची नोंद मोबाइलवर ठेवता येते, गोळीची आठवण वाचायला न लावता आवाजात करून देता येते. चष्मा, कानाचे यंत्र, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, धूर न कोंडणारी चूल, यांत नवलाचे काहीच नाही. पण म्हातारीची बुद्धी शाबूत ठेवण्याची हीच साधने आहेत.

कोणत्या झाडाची साल कशावर लावायची, कोणता कंद किती पाण्यांत उकडायचा, हे वाडीत बहुधा कोणी लिहून ठेवलेले नसते. ते म्हाताऱ्यांच्या डोक्यात असते. बँकेत आम्ही खात्यांच्या नोंदींची दुसरी प्रत जपून ठेवत असू. येथे दुसरी प्रत नाही. तेव्हा त्या आजीला ऐकू येते का, दिसते का, तिचा रक्तदाब किती आहे आणि दिवसाकाठी तिच्याशी कोणी चार शब्द बोलते का, एवढी चौकशी करायला तरी आपण साठीची वाट पाहू नये.