जुन्या सर्व्हरवर नवे लिनक्स : कंटेनर पद्धतीचा उपयोग आणि मर्यादा

ग्वाल्हेरच्या फूलबागेत गोपाळ मंदिर, मोती मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल सोसायटीची वास्तू ही चार स्थाने एकाच परिसरात आहेत. महाराज माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत ही बाग आकाराला आली आणि १९२२ साली प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या भारतभेटीच्या वेळी तिचे उद्घाटन झाले. चारही ठिकाणची दारे वेगळी, अंतर्गत व्यवस्था वेगळी, येणाऱ्यांचे रीतिरिवाज वेगळे. जमीन मात्र एकच. लिनक्समधील ‘कंटेनर’ ही रचना विद्यार्थ्यांना समजावून देताना हे उदाहरण उपयोगी पडते. एका सर्व्हरवर अनेक कंटेनर असतात, प्रत्येकाचे घर स्वतंत्र असते, पण सर्वांच्या पायाखालची भूमी, म्हणजे कर्नेल, एकच असते. जुन्या सर्व्हरवर नवे लिनक्स चालविण्याची सोय याच रचनेमुळे होते आणि तिच्या मर्यादाही याच रचनेतून निर्माण होतात.

प्रश्नाचे स्वरूप

अनेक महाविद्यालयांत दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला एखादा सर्व्हर अजून कामात आहे. त्यावर बहुधा २०१४ साली आलेले सेंटॉस ७ असते. यंत्र चालू आहे, नव्या खरेदीला निधी नाही आणि मूळ प्रणाली काढून नवी बसवावी तर परीक्षा विभागाचे चालू काम बंद पडण्याची भीती आहे. दुसरीकडे सेंटॉस ७ ची अधिकृत देखभाल ३० जून २०२४ रोजी संपली.

समजा, अशा एका महाविद्यालयाला आपल्या जुन्या मराठी व उर्दू नियतकालिकांचा संग्रह ‘डीस्पेस’ या मुक्त प्रणालीत ठेवावयाचा आहे. भारतीय विद्यापीठांचे प्रबंध ज्या ‘शोधगंगा’ भांडारात पाहावयास मिळतात, तेही डीस्पेसवरच उभे आहे. डीस्पेसच्या सातव्या आवृत्तीपासून तिच्या दर्शनी भागाला ‘नोड’ हे साधन लागते. नोडच्या अठराव्या आवृत्तीला ‘जीलिबसी’ या मूलभूत ग्रंथालयाची २.२८ ही आवृत्ती किंवा त्यापुढील आवृत्ती हवी असते. सेंटॉस ७ मध्ये जीलिबसी २.१७ आहे. परिणामी नोड सुरूच होत नाही. जीलिबसी स्वतंत्रपणे बदलावी, तर तिच्यावर विसंबून असलेली सारी जुनी प्रणाली कोलमडते. अशा वेळी कंटेनरचा मार्ग पुढे येतो.

कंटेनर म्हणजे काय?

लिनक्स प्रणालीचे ढोबळ मानाने दोन स्तर पडतात. खालचा स्तर कर्नेलचा. स्मृती, प्रक्रिया, डिस्क व नेटवर्क यांवर त्याचे नियंत्रण असते. वरच्या स्तरात जीलिबसीसारखी ग्रंथालये, आज्ञा आणि उपयोजने येतात. डेबियन, उबुंटू, सेंटॉस ही नावे आपण घेतो तेव्हा या दोन्ही स्तरांचा एकत्र विचार करतो. कंटेनरमध्ये मात्र फक्त वरचा स्तर नवा आणला जातो. कर्नेल यजमान सर्व्हरचेच राहते.

आभासी यंत्रात स्वतंत्र कर्नेल असते, म्हणून त्याला स्मृतीही अधिक लागते. कंटेनरमध्ये कर्नेलच्याच दोन सुविधा वापरल्या जातात. ‘नेमस्पेस’मुळे प्रत्येक कंटेनरला आपली स्वतंत्र फाइलरचना, स्वतंत्र प्रक्रिया-यादी व स्वतंत्र नेटवर्क दिसते. ‘सीग्रुप’मुळे कोणी किती स्मृती व किती प्रक्रिया-वेळ वापरावा याची मर्यादा ठरते.

वर्गात हा भेद दोन आज्ञांत दाखविता येतो. सेंटॉस ७ वरील डेबियन १२ च्या कंटेनरमध्ये वितरणाचे नाव सांगणारी फाइल उघडली तर ‘डेबियन १२’ असे उत्तर येते. त्याच ठिकाणी ‘यूनेम’ आज्ञेने कर्नेलची आवृत्ती विचारली तर उत्तर ३.१० असे येते. नाव नवे, पाया जुना. या दोन उत्तरांचा अर्थ ज्याला कळला, त्याला कंटेनर कळला.

कल्पनेचा विकास

एखाद्या प्रक्रियेला फाइलरचनेचा मर्यादित भागच दिसावा, ही सोय युनिक्समध्ये १९७९ पासून ‘सीएचरूट’च्या रूपाने आहे. २००० साली फ्रीबीएसडीने ‘जेल’ ही अधिक बंदिस्त रचना दिली. लिनक्समध्ये २००५ पासून ओपनव्हीझेड आणि २००८ पासून एलएक्ससी यांनी हीच दिशा पुढे नेली. २०१३ साली डॉकर आले आणि कंटेनर सामान्य प्रोग्रामरच्या हाती पोहोचले.

महाराष्ट्राशी निगडित उदाहरण विज्ञानक्षेत्रातील आहे. सर्न येथील सी.एम.एस. या कणभौतिकीय प्रयोगाची माहिती जगभरच्या संगणक-केंद्रांत तपासली जाते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था हे त्या जाळ्यातील द्वितीय स्तराचे केंद्र आहे. २०१७-१८ च्या सुमारास या जाळ्यातील काही केंद्रांवर सायंटिफिक लिनक्स ६ होते, तर काही केंद्रे सेंटॉस ७ कडे वळली होती. प्रत्येक केंद्राने एकाच दिवशी प्रणाली बदलणे शक्य नव्हते. तेव्हा ‘सिंग्युलॅरिटी’ या कंटेनर साधनाचा अवलंब झाला. यजमान यंत्र कोणतेही असो, कामाला लागणारे वितरण त्याच्यासोबतच येऊ लागले. स्थलांतराच्या काळात काम थांबू नये, एवढाच या योजनेचा हेतू होता. महाविद्यालयांनीही तो हेतू ध्यानात ठेवावा.

अडचणी कोठे येतात?

पहिली अडचण कर्नेलच्या वयाची. जीलिबसी २.२६ (२०१७) पासून किमान ३.२ कर्नेल आवश्यक झाले. सेंटॉस ६ चे कर्नेल २.६.३२ असल्याने त्यावर नवे कंटेनर ‘कर्नेल टू ओल्ड’ असा संदेश देऊन थांबतात. सेंटॉस ७ चे ३.१० कर्नेल ही पायरी ओलांडते. मात्र नोडचे निर्माते अठराव्या आवृत्तीसाठी ४.१८ व त्यापुढील कर्नेलचीच हमी देतात. म्हणजे काम चालते, पण बिघाड झाल्यास दाद मागता येत नाही.

दुसरी अडचण प्रोसेसरची. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ साठी प्रोसेसरमध्ये ‘एक्स८६-६४-व्ही२’ ही क्षमता लागते, तर २०२५ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीसाठी ‘व्ही३’ लागते. फार जुन्या यंत्रावर त्यांचे कंटेनर मुळीच चालत नाहीत. कंटेनर प्रोसेसर बदलू शकत नाही. अशा यंत्रावर डेबियन निवडणे श्रेयस्कर, कारण त्याची चौसष्ट-बिट आवृत्ती मूळ क्षमतेवरही चालते.

तिसरी अडचण फसवी आहे. जीलिबसी २.३४ (२०२१) पासून नवे थ्रेड निर्माण करण्यासाठी ‘क्लोन३’ ही नवी कर्नेल-विनंती प्रथम वापरून पाहिली जाते. जुन्या कर्नेलने ‘ही सोय नाही’ असे उत्तर दिले असते, तर जीलिबसी निमूटपणे जुन्या पद्धतीकडे वळली असती. परंतु डॉकरच्या जुन्या आवृत्तीतील सुरक्षा-गाळणी मध्येच ‘परवानगी नाही’ असे उत्तर देते आणि उबुंटू २२.०४ सारखा कंटेनर कोसळतो. यावर घाईने गाळणीच बंद करणे किंवा कंटेनरला सर्वाधिकार देणे असा उपाय केला जातो. तो दरवाजा अडतो म्हणून दरवाजाच काढून टाकण्यासारखा आहे. डॉकर २०.१०.१० किंवा त्यापुढील आवृत्ती घेणे हा खरा उपाय होय.

मराठी-उर्दू नोंदींचा क्रम

भाषाशिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे अशी बाब अक्षरक्रमाची आहे. युनिकोडच्या क्रमांकानुसार ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये येतो; आपल्या वर्णमालेत तो ‘ह’ नंतर येतो. उर्दूत ‘बे’ नंतर ‘पे’ येते; युनिकोडच्या क्रमांकात ‘पे’ पार ‘वाव’च्याही पुढे गेलेली आहे. म्हणून नुसत्या क्रमांकाने लावलेली यादी वाचकाला अस्ताव्यस्त वाटते. भाषेनुसार योग्य क्रम लावण्याचे नियम जीलिबसीत असतात.

ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या जीलिबसी २.२८ ने हे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. पोस्टग्रेस हा माहितीसंच, ज्यावर डीस्पेस चालते, आपल्या अनुक्रमणिका बहुधा याच नियमांनुसार रचतो. सेंटॉस ७ वरील त्याच्या फाइली जशाच्या तशा नव्या कंटेनरला जोडल्या, तर अनुक्रमणिका जुन्या नियमांची आणि शोध नव्या नियमांचा, असा विसंवाद होतो. ग्रंथ नोंदलेला असूनही शोधात सापडत नाही. एकच नोंद दोनदा शिरू शकते. गंभीर गोष्ट अशी की, या बिघाडाचा कोणताही संदेश येईलच असे नाही. यासाठी जुन्या संचातील माहिती निर्यात करून नव्यात पुन्हा भरावी, म्हणजे अनुक्रमणिका नव्याने तयार होतात. फाइलीच हलविल्या असतील, तर सर्व अनुक्रमणिका पुन्हा बांधून घ्याव्यात.

सुरक्षिततेची मर्यादा

कंटेनरमधील डेबियनला दर आठवड्याला सुधारणा मिळाल्या, तरी कर्नेलमधील छिद्र बुजत नाही. ‘डर्टी काऊ’ नावाचा दोष लिनक्स कर्नेलमध्ये २००७ पासून होता आणि तो ऑक्टोबर २०१६ मध्ये दुरुस्त झाला. त्याचा उपयोग करून कंटेनरमधून यजमान सर्व्हरवर शिरता येते, हे त्यानंतर दाखविले गेले. उद्या असा दोष पुन्हा उघड झाला, तर देखभाल संपलेल्या सेंटॉस ७ ला अधिकृत दुरुस्ती मिळणार नाही आणि त्यावरील नवेकोरे कंटेनरही तितकेच असुरक्षित राहतील. विद्यार्थ्यांचे गुण, पत्ते, शिष्यवृत्तीची कागदपत्रे अशा सर्व्हरवर ठेवणाऱ्या संस्थेने हे ओळखूनच निर्णय घ्यावा.

करावयाची कामे

प्रथम कर्नेल, प्रोसेसर व कंटेनर-साधन यांच्या आवृत्त्या लिहून काढाव्यात. सर्व माहितीची प्रत वेगळ्या यंत्रावर ठेवावी आणि ती परत भरून पाहावी. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे. एका वेळी एकच सेवा हलवावी. माहिती कंटेनरच्या पोटात न ठेवता बाहेरच्या स्वतंत्र कप्प्यात ठेवावी. असा सर्व्हर शक्यतो महाविद्यालयाच्या अंतर्गत जाळ्यापुरताच खुला असावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यजमान प्रणाली बदलण्याची तारीख त्याच दिवशी ठरवून नोंदवहीत लिहावी.

शेवटची सूचना बहुधा दुर्लक्षिली जाते, कारण कंटेनर नीट चालू लागला की निकड संपल्यासारखी वाटते. वस्तुतः या पद्धतीचा खरा लाभ त्यापुढेच आहे. एकदा सेवा कंटेनरमध्ये गेली की ती नव्या सर्व्हरवर नेणे सोपे होते. आज मिळालेली सवड त्या तयारीसाठी वापरली, तर जुन्या यंत्राचा उत्तम उपयोग झाला असे म्हणता येईल. फूलबागेतील चारही वास्तूंची रंगरंगोटी जो तो आपापल्या परीने करू शकतो. पण जमीन खचू लागली तर कोणत्याही एका वास्तूची डागडुजी पुरणार नाही. त्या जमिनीची काळजी कंटेनर घेत नाही. ती संस्थेलाच घ्यावी लागते.