मृग सूर्याचा, पाऊस समुद्राचा

पुण्यात सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस. दोन्ही दुपारी उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. पण मेमध्ये अंगाची लाही होते आणि जुलैत सावली पाहायला ऊनच सापडत नाही. सूर्य तोच, कोन तोच. मधल्या काळात समुद्रावरून वारे आलेले असतात.

शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. मान्सून म्हणजे जमीन आणि पाणी कमी-अधिक तापण्याच्या त्याच खेळाचा विराट अवतार, ही एडमंड हॅले यांची १६८६ मधली मांडणी. ती एका साध्या प्रश्नापाशी अडखळते. जमीन सर्वाधिक तापते मेमध्ये, आणि दुष्काळी वर्षी ती आणखी भाजून निघते. मग पाऊस तेव्हाच जास्त का पडत नाही?

१९०४ मध्ये भारतीय हवामान खात्याची सूत्रे हाती घेणारे गणिती गिल्बर्ट वॉकर यांनी सूर्यावरचे डाग आणि पाऊस यांची सांगड घालून पाहिली. भरवशाचा धागा तिथे मिळाला नाही. मिळाला तो समुद्रावर: पॅसिफिकवर हवेचा दाब चढला की हिंदी महासागरावर तो उतरतो. १९६९ मध्ये जेकब बियर्कनेस यांनी हा झोका पॅसिफिकच्या पाण्याच्या तापमानाशी, म्हणजे एल निनोशी जोडला. यात नवल नाही. समुद्राच्या वरच्या जेमतेम तीन मीटरच्या थरात साऱ्या वातावरणाइतकी उष्णता धरण्याची ताकद आहे. सूर्य देतो ते समुद्र साठवतो आणि सवडीने खर्चतो.

एल निनो आला की आपला पाऊस सहसा घटतो. तरीही कोडे उरलेच. १९९७ मध्ये प्रचंड एल निनो असूनही देशात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. २००२ चा एल निनो त्याहून कितीतरी सौम्य. पाऊस मात्र १९ टक्क्यांनी घटला. पुण्यात जन्मलेल्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्यभर मान्सून अभ्यासणाऱ्या सुलोचना गाडगीळ यांनी नजर घराजवळच्या पाण्याकडे वळवली. समुद्राचा पृष्ठभाग सुमारे २८ अंश सेल्सियसच्या वर गेला की मोठे ढग उभे राहण्याची शक्यता झपाट्याने वाढते, हे त्यांनी सहकाऱ्यांसह १९८४ मध्येच दाखवले होते. २००४ मध्ये त्यांनी दुसरा झोका पुढे आणला. विषुववृत्तीय हिंदी महासागराच्या पश्चिम भागावर ढग दाटले तर आपल्याला लाभ, पूर्वेला सुमात्राकडे दाटले तर तोटा. १९९७ मध्ये तो आपल्या बाजूने होता, २००२ मध्ये विरुद्ध.

आज माणसाने वाढवलेल्या उष्णतेचा नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा समुद्रच पोटात घेत आहे. म्हणून पाण्याची नाडी सतत तपासत राहणे ही चैन नव्हे. दोन हजार मीटर खोल बुडी मारून दर दहा दिवसांनी वर येणारी आर्गो उपकरणे ते काम करतात. त्यांची प्रत्येक नोंद पेरणीशी जोडलेली आहे.

मृग कधी लागणार हे सूर्याच्या चालीवरून ठरते आणि पंचांगात ते आधीच छापलेले असते. त्या मृगात चाड्यावर मूठ धरायची की थांबायचे, याचे उत्तर मात्र समुद्राकडे आहे.