पहाट कोणाच्या वाट्याची?

मॅरेथॉनची तयारी करतोय असं सांगितलं की आपल्या सुरतेत दोन प्रश्न हमखास येतात. पहिला या व्यापारी गावाला शोभणारा: ‘यात मिळतं काय?’ दुसरा: ‘एवढा वेळ काढता कुठून?’ पहिल्याचं उत्तर सोपं आहे. पैसे मिळत नाहीत, उलट प्रवेश फी भरावी लागते. शेवटी हातात एक केळं आणि गळ्यात एक पदक. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक आहे आणि हा लेख त्यासाठीच आहे.

माझे वडील ताप्ती लाइनच्या गाडीने जळगाव जिल्ह्यातून उधन्याला आले आणि इथेच लूमवर लागले. बारा-बारा तासांची पाळी, तीही उभ्याने. त्यामुळे मी पहिल्यांदा शर्यतीचे पैसे भरले तेव्हा ते म्हणाले, ‘भो, लोक दमायचे पैसे घेतात आणि तू दमायचे पैसे देतोस?’ त्यांचं चूक नव्हतं. ज्याचं अंग दिवसभर कामात झिजलं, त्याला पहाटे उठून मुद्दाम घाम गाळणं पटायचं कसं? पण मी दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीवर असतो. घर ते ऑफिस मोटारसायकल, ऑफिसात लिफ्ट, संध्याकाळी पुन्हा स्क्रीन. पस्तिशीच्या आत रक्तदाबाची गोळी सुरू झालेले चार मित्र माझ्या फोनमध्ये आहेत. वडिलांच्या कामात जे आपोआप होत होतं, त्यासाठी मला वेळापत्रक बनवावं लागतं.

आठवडा कसा जातो

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. हा विचित्र आकडा १९०८च्या लंडन ऑलिंपिकमधला. तेव्हा शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करून स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनासमोर संपवली होती. पुढे १९२१ मध्ये तेच अंतर कायम झालं. किलोमीटरला साडेसहा मिनिटं या माझ्यासारख्याच्या गतीने ते पार करायला चार तास चौतीस मिनिटं लागतात.

त्यासाठी आठवड्यात साधारण ५० किलोमीटर धावणं होतं. मंगळवारी दहा, गुरुवारी आठ, शनिवारी आठ आणि रविवारी वीस ते चोवीस. एकूण साडेपाच तासांच्या आसपास. आठवड्याच्या १६८ तासांतले साडेपाच म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण ते तास पहाटेचेच हवेत. सुरतेत सात वाजले की पांडेसरा-उधन्याकडे पाळीच्या माणसांची वर्दळ, साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेले टेम्पो आणि रिक्षा रस्ता ताब्यात घेतात. शिवाय ऊन. म्हणून पावणेपाचला उठायचं, म्हणजे रात्री दहाच्या आत झोपायचं. अमेरिकेतल्या ग्राहकाचा रात्री साडेनऊचा कॉल असेल तर दुसऱ्या दिवशीचं धावणं रद्द. अर्धवट झोपेवर केलेला सराव अंगी लागत नाही, दुखणं मात्र देऊन जातो.

हळू धावायला शिका

नवशिक्याला सगळ्यात अवघड जातं ते हळू धावणं. बाहेर पडलो की जोरात सुटायचं, दहा मिनिटांत धापा टाकायच्या आणि ‘आपल्याला नाही जमत’ म्हणून शूज माळ्यावर टाकायचे, हा क्रम नेहमीचा. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी साठ-सत्तर वर्षांपूर्वी उलटा मार्ग दाखवला. त्यांचा शिष्य पीटर स्नेल ८०० मीटरचा धावपटू. दोन मिनिटांच्या आत संपणारी त्याची शर्यत, पण लिडियार्ड त्याला रविवारी डोंगरातून ३५ किलोमीटर धावायला लावत. स्नेलने १९६० आणि १९६४ अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचं सुवर्ण जिंकलं.

संथ धावण्याने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात आणि शरीर चरबी जाळून चालायला सरावतं. ही चरबीची सवय फार महत्त्वाची. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण दोन हजार कॅलरींपर्यंत पुरते. ती बहुतेकांची तिसाव्या किलोमीटरच्या पुढे संपत येते. पाय शिशाचे होतात, डोकं चालेनासं होतं. रविवारचा लांब पल्ला हा त्या क्षणाची पूर्वतयारी असतो. आमच्या भाषेत सांगायचं तर, प्रॉडक्शनला जाण्याआधीची लोड टेस्ट.

गती बरोबर आहे का हे ओळखायला महागडं घड्याळ लागत नाही. सोबतच्या माणसाशी अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. एकटे असाल तर एखादं गाणं गुणगुणून बघा. दम तुटत असेल तर वेग कमी करा.

सुरतेची हवा, सुरतेचे पूल

सुरत सपाट आहे. पिपलोदपासून डुमसकडे जाणारा गौरव पथ रविवारी पहाटे धावणाऱ्यांनी फुललेला असतो, पण त्यावर नाव घ्यावा असा चढ नाही. मुंबई मॅरेथॉनमध्ये मात्र शेवटच्या दहा किलोमीटरांत, पाय आधीच बोलत असताना, पेडर रोडचा चढ येतो. मग आम्ही काय करतो? या शहराला पुलांचं शहर म्हणतात ते उगाच नाही. तापीवरचे पूल आणि उड्डाणपूल हेच आमचे घाट. पहाटे वाहनं नसताना कडेचा पदपथ धरून एकाच पुलावर सहा-आठ फेऱ्या मारल्या की साताऱ्याची आठवण येते. फक्त उत्तरायणाच्या दिवसांत पुलांवर जाऊ नका. तिथे मांजा गळ्याच्या उंचीला आडवा येतो आणि तो दिसत नाही.

खरा शत्रू म्हणजे दमट हवा. घाम आला म्हणून शरीर थंड होत नाही, तो वाळला की थंड होतं. आपल्याकडे मे-जूनमध्ये तो वाळतच नाही, नुसता ठिबकत राहतो. ठोके वाढतात, त्याच वेगाला दुप्पट कष्ट पडतात. म्हणून मार्च ते जून किलोमीटर कमी करायचे आणि वेळ बघून धावायचं. अशा हवेची सवय व्हायला शरीराला दहा-पंधरा दिवस द्यावे लागतात. पावसाळ्यात तापीचं पाणी चढलं की रांदेर-सिंगणपोरचा कॉजवे बंद होतो आणि तिकडच्या मंडळींना वाट बदलावी लागते. हिवाळ्यात हवा छान, पण गिरण्यांच्या बाजूला पहाटे धूर खाली बसतो. डोळे चुरचुरत असतील तर त्या दिवशी घरात जिने चढा.

पाणी किती प्यायचं? एक तास धावण्याआधी आणि नंतर वजन करा. जितकं किलो उतरलं, साधारण तितके लिटर घाम गेला. तेवढंच लक्षात ठेवून लिंबू, मीठ, साखरेचं पाणी घोट घोट घ्या. भीतीपोटी तांब्यावर तांबे रिचवू नका. २००२च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के जणांचं सोडियम गरजेपेक्षा कमी निघालं. धावताना जास्त पाणी पिणं हे त्यामागचं मोठं कारण होतं.

खाण्यासाठी वेगळं काही आणावं लागत नाही. रोज कळण्याची भाकरी, उसळ, भाजी. धावण्याआधी केळं किंवा दोन खजूर. लांब पल्ल्याला खिशात गूळ-शेंगदाण्याची चिक्की. अडचण येते ती शर्यतीच्या हंगामात. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत, तिळगुळाच्या आसपास. नेमक्या त्याच दिवसांत सराव कमी करून पोट सांभाळायचं असतं आणि नेमकं तेव्हाच गावभर उंधियू, जिलेबी आणि ताजा पोंक. मी पोंक खातो, उंधियू चाखतो, जिलेबीला शर्यतीनंतरची तारीख देतो. रविवारच्या लोच्याबद्दल मात्र मला कोणी विचारू नये.

आपली माणसं

लांब पल्ल्याचं धावणं आपल्याकडे नवीन नाही. पुण्यातल्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत दोराबजी टाटांना अनवाणी धावणारी साधी शेतकरी मुलं दिसली आणि ऑलिंपिकला संघ पाठवायचा विचार पुढे गेला. १९२० मध्ये अँटवर्पला बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. दोन तास पन्नास मिनिटं आणि काही सेकंदांत एकोणिसावे आले. तिथलं अंतर आजच्यापेक्षाही अर्धा किलोमीटर जास्त होतं. माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१५ मध्ये मुंबईत २ तास ३८ मिनिटं २१ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली आणि पुढच्याच वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. पुण्याचे आशिष कासोदेकर तर २०२१च्या नोव्हेंबरपासून सलग ६० दिवस रोज एक मॅरेथॉन धावले.

ललिताताईंचं नाव मी मुद्दाम घेतलं. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली १९८४ मध्ये, म्हणजे पुरुषांनंतर तब्बल ८८ वर्षांनी. तोवर बाईच्या शरीराला एवढं अंतर झेपणार नाही, असं जाणकारही म्हणत. आज तसं कोणी म्हणत नाही. पण आपल्या घरांत दुसरंच आडवं येतं, ते म्हणजे पहाट.

वाटणी

पहाटे पाच ते सात ही वेळ प्रत्येक घरात कोणाच्या तरी नावावर असते. डबे, पाणी भरणं, मुलांची शाळा. नवरा धावायला जातो तेव्हा ही कामं थांबत नाहीत, ती फक्त दुसऱ्याच्या हातात जातात. चार तास चौतीस मिनिटं माझ्या नावावर लागतात, पण त्यामागच्या शेकडो पहाटा घराच्या असतात. ‘वेळ कुठून काढता?’ याचं खरं उत्तर हे आहे.

माझ्या बायकोने धावायचं ठरवलं तेव्हा आम्ही फ्रिजवर एक कागद लावला. मंगळवार, गुरुवार, शनिवार माझे. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिचे. ज्याचा धावायचा दिवस नाही, त्याने डबे करायचे आणि लेकीला व्हॅनपर्यंत सोडायचं. रविवारी लेक आजीजवळ झोपते आणि आम्ही दोघंही जातो. माझी भाकरी अजून नकाशासारखी होते, म्हणून माझ्या दिवशी डब्यात पोळीभाजीऐवजी पोहे किंवा थालीपीठ असतं. आईला सुरुवातीला हे विचित्र वाटलं. आता तीच कागद बघून सांगते, ‘आज तिची पाळी आहे, तू ऊठ.’ पाळी हा आमच्या घरातला जुना, लूमवरचा शब्द. वडील हसतात.

तिच्यासाठी एक अडचण कागदाने सुटत नाही. मी पाचला अंधारात एकटा निघू शकतो, तिला उजाडण्याची किंवा सोबतीची वाट पाहावी लागते. त्यासाठी सोसायटीतल्या चौघीजणी एकत्र आल्या. दिव्यांचा रस्ता, ठरलेली वेळ, घरी एक मेसेज. ती माझ्यानंतर वर्षभराने धावायला लागली, आणि दहा किलोमीटरला आता माझ्या पुढे असते.

सुरुवात करायची असेल तर

आधी डॉक्टरांना दाखवा, विशेषतः घरात हृदयविकार किंवा मधुमेह असेल तर. धावताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर थांबा आणि तपासून घ्या. मापाचे, जरा सैल शूज घ्या. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास. एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं. दर आठवड्याला धावण्याचा भाग थोडासा वाढवा. साधारण दोन महिन्यांत अर्धा तास न थांबता धावता येतं. नडगी किंवा गुडघा दुखला तर दोन दिवस विश्रांती. मॅरेथॉनचं नाव पहिल्या वर्षी काढूच नका, पाच आणि दहा किलोमीटर पुष्कळ आहेत.

आणि शूज घेण्याआधी घरी बसून एक कागद करा. तुमचे तीन दिवस लिहा, त्याच्या शेजारी घरातल्या दुसऱ्या माणसाचे तीन दिवस लिहा. त्याला धावायचंच असेल असं नाही. योगासनं, वाचन किंवा नुसती सात वाजेपर्यंतची झोपही चालेल. त्या दिवशीचे डबे तुमचे.