सोक्षमोक्ष आणि पोलीस अ‍ॅक्शन

बांधाचा वाद वर्षानुवर्षे चालला की आमच्याकडे कोणीतरी वडीलधारा म्हणतोच, "लावून टाका रे एकदाचा सोक्षमोक्ष!" शब्द इतका अंगवळणी पडला आहे की त्यातला 'मोक्ष' कुणाच्या ध्यानात येत नाही. निकाल कोर्ट देते, फैसला पंच करतात. सोक्षमोक्ष मात्र भांडणाऱ्यांनी समोरासमोर येऊन लावायचा असतो. हल्ली वर्तमानपत्रे (त्यात आम्हीही आलो) दर निवडणुकीला 'आरपारची लढाई' म्हणतात. पण त्यात नुसता घाव आहे. सोक्षमोक्षात भांडणातून सुटकाही आहे.

हैदराबादचेच पाहा. 29 नोव्हेंबर 1947 रोजी निजाम आणि भारत सरकार यांच्यात वर्षभराचा 'जैसे थे' करार झाला. सोक्षमोक्षाच्या अगदी उलटा शब्द हाच! ती मुदत संपण्याआधीच, 13 सप्टेंबर 1948 रोजी, भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. 17 तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती अल इद्रूस यांनी जनरल चौधरींपुढे ती रीतसर पत्करली.

रणगाडे घेऊन केलेल्या या मोहिमेला सरकारने नाव दिले 'पोलीस अ‍ॅक्शन', कारण घरातल्या भांडणाला युद्ध म्हणायचे नव्हते. चळवळीतल्यांनी 'मुक्तिसंग्राम' म्हटले. खेड्यापाड्यांत मात्र सरकारी शब्दच रुजला. "पोलीस अ‍ॅक्शनच्या साली मी रांगत होतो," असे वय सांगणारी माणसे आता थोडीच उरली. त्याच सुमाराला 'रझाकारी' हा शब्द दांडगाईसाठी आमच्या बोलीत येऊन बसला. हैदराबादेत उर्दू बोलणारे याच घटनेला 'सुकूत-ए-हैदराबाद' म्हणतात. सुकूत म्हणजे पडणे, पाडाव.

मग सोक्षमोक्ष झाला तो कुणाचा? संस्थानाचा झाला, यात शंका नाही. पण केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने कारवाईच्या काळात व नंतर 27 ते 40 हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. त्यांत बहुतेक मुसलमान होते. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर यांच्या जोडीला आमचे नांदेडही आहे. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आलाच नाही.

दरवर्षी 17 सप्टेंबरच्या अंकात आम्ही 'मुक्तिसंग्राम' हा शब्द अभिमानाने छापतो. 'सोक्षमोक्ष' लिहायला मात्र हात धजत नाही.