स्मार्टफोनच्या दोन प्रणाली आणि मराठी

पुण्यातील ग्राहक नवा स्मार्टफोन घेताना किंमत व कॅमेरा पाहतो. कार्यप्रणालीची चौकशी क्वचितच होते. वस्तुत: यंत्र किती वर्षे सुरक्षित राहील, हे बऱ्याच अंशी तिच्यावर अवलंबून असते. सिंबियन व विंडोज फोन कालौघात मागे पडले. ब्लॅकबेरीच्या जुन्या प्रणालीची सेवा 4 जानेवारी 2022 रोजी थांबली. आता खरी स्पर्धा अँड्रॉइड आणि आयओएस यांच्यातच आहे.

आयओएस एकाच कंपनीच्या महागड्या यंत्रांवर चालते. सुधारणाही तीच कंपनी थेट पाठविते. अँड्रॉइडचा गाभा खुला असल्याने स्वस्त फोन शक्य झाले. परंतु सुरक्षा-सुधारणा उत्पादकाच्या मर्जीवर राहिल्या. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला ही उणीव अधिक जाचते.

मराठीपुरते पाहता दोन्हींत भेद थोडा. दोन्ही युनिकोड वापरतात आणि त्यातील देवनागरीची मांडणी ‘इस्की’ या भारतीय संकेतावर आधारलेली आहे. 1988 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकचे या क्षेत्रातील कार्य सर्वश्रुत आहे. एका फोनवरील मराठी मजकूर दुसऱ्यावर वाचता येतो, तो या समान संकेतामुळे. मात्र राज्य शासनाच्या 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयातील मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ अनेक फोनवर अद्याप हिंदी वळणाने उमटतात. हा दोष प्रणालीचा नसून फाँटचा आहे.

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये अँड्रॉइडसंबंधी गूगलला 1,337.76 कोटी रुपये दंड केला. जानेवारी 2023 मध्ये पुढे आलेली भारओएसही अँड्रॉइडच्या खुल्या गाभ्यावरच उभी आहे. तिसऱ्या प्रणालीची खरी कसोटी बँका व शासकीय सेवांची ॲप तिच्यावर चालण्यात आहे. तूर्त ग्राहकाने सुरक्षा-सुधारणा किती वर्षे मिळणार, हे दुकानदाराला आधी विचारावे.