गेम ‘पूर्ण’ झाला, म्हणजे नेमकं काय झालं?

गैरसमज: गेम ‘गोल्ड’ झाला, म्हणजे तो तयार झाला.

वस्तुस्थिती: ‘गोल्ड’ ही डिस्क छापायला पाठवण्याची प्रत. ती गेल्यावरही काम चालूच राहतं. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने ५ ऑक्टोबर २०२० रोजी ‘सायबरपंक २०७७’ गोल्ड झाल्याचं जाहीर केलं आणि २७ ऑक्टोबरला प्रकाशन १९ नोव्हेंबरवरून १० डिसेंबरवर ढकललं. कारण पहिल्या दिवशीचा पॅच, म्हणजे डाउनलोड करायची दुरुस्ती, अजून व्हायचा होता. म्हणजे डिस्कवर जे होतं त्यावर अजून काम हवं, हे कंपनीलाही ठाऊक होतं. पुढे प्लेस्टेशन ४ वर गेम इतका अडखळला की आठवडाभरातच सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले. तो परतला जून २०२१ मध्ये.

‘सायबरपंक’मधल्या पोलिसांची आणि कौशल्यांची रचना मुळापासून बदलणारी २.० आवृत्ती सप्टेंबर २०२३ मध्ये आली. आज ज्याचं कौतुक होतं तो गेम हा. पण ही आवृत्ती प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनला मिळालीच नाही. ज्यांनी पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजली, त्यांच्या त्या कन्सोलवर गेम कधीच ‘पूर्ण’ झाला नाही. ‘नंतर सुधारतीलच’ म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

गैरसमज: कार्ट्रिजच्या काळी गेम एकदाच आणि कायमचा पूर्ण व्हायचा.

वस्तुस्थिती: १९९८ च्या ‘द लेजेंड ऑफ झेल्डा: ऑकरिना ऑफ टाइम’च्या कार्ट्रिजच्याही १.०, १.१ आणि १.२ अशा आवृत्त्या निघाल्या. १.२ मध्ये खलनायक गॅननडॉर्फचं लाल रक्त हिरवं झालं, अग्निमंदिरातलं संगीतही बदललं. दुरुस्त्या तेव्हाही होत्या. फक्त, ज्याच्या हाती जुनी प्रत पडली त्याच्याकडे ती तशीच राहिली. म्हणून तेव्हा चुकीची किंमत निर्मात्याला आधीच मोजावी लागे.

गैरसमज: पॅच येत राहतात, म्हणजे गेम अपुरा आहे.

वस्तुस्थिती: एरिक बॅरोन यांनी एकट्याने घडवलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ फेब्रुवारी २०१६ मध्ये आला तेव्हाच भरपेट होता. मार्च २०२४ ची मोफत १.६ आवृत्ती ही वरची भर. भर घालणं वेगळं, भोक बुजवणं वेगळं.

माझ्या मते, पैसे दिले त्या दिवशी आपल्या यंत्रावर जो विनाअडथळा शेवटपर्यंत खेळता येतो, तोच पूर्ण गेम. तेव्हा पुढच्या पॅचच्या आश्वासनावर पैसे देऊ नका. तुमच्याच कन्सोलवर तो आज कसा चालतो, ते आधी पाहा.